‘ताई, एक मिनिट बंद करतो’ म्हणणाऱ्यांनी परत चालू कोण करणार ते पण सांगावं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा, पण झेरॉक्स मशीनचा भाग तेवढा ठेवा, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसले.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर एकोणीस वर्षं हिशोब बघते. आमच्याकडं हिशोब बघणाऱ्याला दिवाणजी म्हणतात, बाई असली तरी दिवाणजीच, त्यामुळं फोनवर ‘दिवाणजींना द्या’ म्हणणारा माणूस माझा आवाज ऐकून अजून पण दोन सेकंद गप्प होतो. हळद आणि बेदाणा हा आमचा व्यापार. पेढीत पाच कॉम्प्युटर, दोन प्रिंटर आणि एक ते मोठं झेरॉक्स-कम-स्कॅनर. हे काय फार मोठं ऑफिस नाही, यार्डात आमच्यासारख्या पेढ्या ओळीनं आहेत आणि सगळीकडं साधारण हेच सामान दिसेल.

तुमच्या पेपरात सायबरच्या बातम्या रोज असतात, ओटीपी सांगितला, डिजिटल अरेस्ट झाली, लिंक दाबली आणि पैसे गेले. छापता ते बरंच करता, आमच्या हमालांनापण आता ओटीपी सांगायचा नाही हे पाठ झालंय. पण ते सगळं मोबाईलचं झालं. ज्या कॉम्प्युटरवर शेतकऱ्याच्या पट्ट्या (म्हणजे माल विकल्यावर त्याला द्यायचा हिशोब), उधारी, जीएसटी, बँकेची स्टेटमेंट असं सगळं बसलेलं असतं त्याच्याबद्दल आलंच तर शेवटी एक ओळ येते, ‘चांगला अँटीव्हायरस घ्यावा’. अहो घेतलेला असतो. त्याचं बिल मी स्वतः फाइलला लावलेलं असतं, खर्चात टाकलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की तो बहुतेक वेळा बंद असतो, आणि तो कुणा चोरानं येऊन बंद केलेला नसतो, आपल्याच माणसानं आपल्याच डोळ्यासमोर आपल्याला विचारून बंद केलेला असतो.

कसं ते सांगते. पट्टीचं सॉफ्टवेअर स्लो झालं म्हणून त्यांचा पोरगा येतो, बघतो, म्हणतो ताई अँटीव्हायरस आडवा येतोय, एक मिनिट बंद करतो हं. बंद करताना एक चौकोन येतो, किती वेळ बंद ठेवायचा म्हणून, १५ मिनिटं, एक तास, रिस्टार्ट होईपर्यंत आणि कायमचा. आता काम किती वेळ चालेल त्यालापण माहिती नसतं म्हणून तो सरळ ‘कायमचा’ वर क्लिक करतो, काम करतो, चहा पितो, सही घेतो, जातो. महिन्यानं डिजिटल सहीचं टोकन चालेना म्हणून दुसरा येतो, तो फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरनं आत येणारं नको ते अडवणारी भिंत, बंद करून बघतो. टोकन चालतं. फायरवॉल मुळात दोषी होती का नव्हती हे कोण बघत बसणार, चाललं ना, मग झालं. विंडोजचा स्वतःचा जो डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस आहे त्याचं रियल टाइम प्रोटेक्शन नुसतं बंद केलं तर काही वेळानं ते आपलं आपण परत चालू होतं, एवढी अक्कल कंपनीनं त्याच्यात घातलीय. फायरवॉलचं तसं नाही. ती एकदा बंद केली की कुणी चालू करेपर्यंत बंद, मग सहा महिने जावोत नाहीतर सहा वर्षं.

आणि झेरॉक्सवाला. ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आमच्याकडं स्कॅन केलेला कागद थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये येतो. चांगली सोय आहे, सौद्याच्या चिठ्ठ्या, गाडीच्या बिल्ट्या, वजनाच्या पावत्या सगळ्या मशीनवर ठेवायच्या आणि बटण दाबायचं. कॉम्प्युटर नवा घेतला तेव्हा हे स्कॅनिंग बंद पडलं. मशीनवाल्याकडचा माणूस आला, दोन तास खटपट केली. मशीन जुनं होतं आणि त्याला फाइल पाठवायची जुनीच पद्धत येत होती, एसएमबी वन म्हणतात तिला. नव्या विंडोजमध्ये ही पद्धत मुळात चालू नसतेच, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन विंडोज फीचर्समध्ये मुद्दाम टिक करावी लागते. त्यानं टिक केली. तरी चालेना, मग फायरवॉल काढली, प्रायव्हेट नेटवर्कची पण आणि पब्लिकची पण. मग फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ दिलं, म्हणजे नेटवर्कवरच्या कुणीही यावं आणि काहीही करावं. कागद आला. आम्ही सगळे खूश. त्याच्या जॉब शीटवर लिहिलं, ‘स्कॅन प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड’. तो कागद अजून माझ्या फाइलला आहे, त्या तीन शब्दांत काय काय झालं हे कळायला मला दोन वर्षं लागली.

ती टिक म्हणजे काय होतं तर, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा जो हल्ला जगभर झाला, दीडशेच्या वर देशांत, तो ह्याच एसएमबी वनच्या भोकातून ४४५ नंबरच्या पोर्टवरनं (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं नेटवर्ककडचं दार) एका मशीनमधनं दुसऱ्यात शिरत होता, कुणी काही क्लिक करायची गरजच नव्हती. मायक्रोसॉफ्टनं ते भोक बुजवणारं अपडेट १४ मार्चला दिलेलं होतं आणि हल्ला झाला १२ मेला, म्हणजे जवळजवळ दोन महिने होते सगळ्यांच्या हातात. त्याच्यानंतर मायक्रोसॉफ्टनं नव्या विंडोजमध्ये ती पद्धत मुळातच बंद ठेवली. आणि आमच्या मशीनवाल्यानं ती परत चालू केली, कारण नवीन मशीन घ्या असं सांगायचं धाडस त्याला झालं नाही आणि आम्ही घेतलं पण नसतं, खरं सांगायचं तर.

हे सगळं झालं तरी आम्हाला त्या भोकातनं काही झालं नाही, हे पण कबूल करते. आमच्याकडं आलं ते वेगळ्याच दारानं.

मार्च २०२२, रंगपंचमीचा दिवस. हळदीचा सीझन पण त्या दिवशी यार्डात माणसं कमी, हमाल लवकर गेलेले, मी पण पोरांसाठी दुपारी घरी आलेले. धाकटे मालक ऑफिसात एकटेच. त्यांना एका पीडीएफमध्ये दोन ओळी बदलायच्या होत्या, पीडीएफ एडिट करायचं सॉफ्टवेअर विकतचं, म्हणून नेटवरनं फुकटातलं क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, उतरवलं. त्या क्रॅकसोबत आधी एक सूचना येते, इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा. आणि आमच्याकडं तर ती सवय सगळ्यांना लागलेली, येईल तो कारागीर तेच करतो, मग त्यांनीपण केलं. मी त्यांना दोष देत नाही. अँटीव्हायरस बंद करायला सांगणं ही आमच्या ऑफिसात संशयाची गोष्ट राहिलीच नव्हती, ती रिपेअरची पहिली पायरी झाली होती.

त्यानंतर स्क्रीनवर विंडोज अपडेट चालू असल्याचं दिसलं, टक्के वाढताना दिसले, त्यांना वाटलं मार्च एंडलाच ह्याला अपडेट सुचलंय, ते चहाला बाहेर गेले. ते अपडेट खोटं होतं. मागं फाइली लॉक होत होत्या आणि कुणी मशीन बंद करू नये म्हणून पुढं तो पडदा धरला होता. संध्याकाळी मला फोन, दिवाणजी बॅलन्स शीट उघडेना. मी गेले, हाताला रंग तसाच. बघते तर प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी चार अक्षरांचं शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल. ती इंग्रजीत पण भाषा कशी तर एखाद्या कस्टमर केअरसारखी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत आलात तर निम्मे म्हणजे ४९०, आणि खात्री पटावी म्हणून एक फाइल फुकट उघडून देऊ. सवलत पण होती बघा, मार्च एंड ऑफर.

पुढं कळलं की ह्या जातीला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात आणि ती मोठ्या कंपन्यांच्या मागं लागतच नाही, ती क्रॅक सॉफ्टवेअर शोधणाऱ्यांचीच वाट बघत बसलेली असते. ‘आपल्या छोट्या पेढीत कोण येतंय’ असं आमचे थोरले मालक नेहमी म्हणायचे, त्यांच्या डोळ्यासमोर पुण्याची कॉसमॉस बँक होती, २०१८ च्या ऑगस्टमध्ये ९४ कोटी गेले ती, २८ देशांतल्या एटीएममधनं पैसे काढले होते. तसलं काही आपल्यावर कोण करणार, हे बरोबरच आहे, आमच्यावर कुणी प्लॅन करून हल्ला करणार नाही. पण ह्याच्यात कुणी आपल्याला निवडायला लागत नाही, आपणच चालत जातो.

नुकसान एका कॉम्प्युटरचं असतं तर चाललं असतं. पण पट्टीचा डेटा माझ्या मशीनवर आणि धाकट्या मालकांच्या मशीनला तो झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला, एव्हरीवन फुल कंट्रोल, वरच्या झेरॉक्सवाल्याचीच कृपा. त्यामुळं त्यांच्या मशीनवर बसलेल्या त्या किड्यानं माझ्या मशीनवरच्या फाइली आरामात लॉक केल्या. माझा अँटीव्हायरस सॉफ्टवेअरवाल्या पोरानं ‘कायमचा’ बंद करून ठेवलेला, मला पत्ताच नाही. बॅकअपचा पेनड्राइव्ह होता की, तो कायम मागं खोचलेलाच असायचा, म्हणजे तो पण गेला. एम्सिसॉफ्ट नावाच्या कंपनीनं ह्या जातीसाठी फुकट चावी काढलेली आहे असं एका पोरानं शोधून काढलं, आम्ही देव पाण्यात ठेवले, पण ती चावी फक्त काही जणांनाच लागते, त्या चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी टी वन असेल तर आशा असते. आमच्या आयडीच्या शेवटी ते नव्हतं.

पैसे दिले नाहीत. वाचवलं कुणी तर सीएच्या ऑफिसनं. ११ तारखेच्या जीएसटी रिटर्नसाठी मी १० मार्चपर्यंतचा डेटा त्यांना दिला होता, तो त्यांच्याकडं होता. मधल्या दहा-बारा दिवसांच्या साडेचारशेच्या आसपास पट्ट्या कार्बन कॉपीच्या पुस्तकातनं परत टाइप केल्या, मी आणि अजून एक मुलगी, रात्री दहापर्यंत, आठ दिवस. पिवळ्या कॉपीवर हळदीची बोटं उमटलेली, तोलाईचा आकडा नेमका त्याच बोटाखाली, तीन आहे का आठ ते शेतकऱ्याला फोन करून विचारायचं. एका शेतकऱ्यानं विचारलं पण, ताई तुमच्याकडं कॉम्प्युटर आहे ना? काय सांगणार.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली म्हणून मुद्दाम लिहिते. हा किडा फाइली लॉक करून थांबत नाही, बऱ्याचदा सोबत पासवर्ड चोरणारं दुसरं एक सॉफ्टवेअर ठेवून जातो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, त्यात बँकेचे पण आले. म्हणजे मशीन फॉरमॅट केलं आणि सुटलो असं नाही, दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बसून सगळे पासवर्ड बदलावे लागतात, ईमेल पहिला, मग बँक, मग जीएसटी, मग बाकी. आम्ही तिसऱ्या दिवशी बदलले. नशीब.

आता तुम्ही म्हणाल रडगाणं झालं, पुढं काय केलं. केलं ते सांगते, फार भारी काही नाही.

पहिलं म्हणजे सगळ्यांचे ॲडमिनिस्ट्रेटर अधिकार काढले, मालकांचे सुद्धा, ह्याला घरात आठवडाभर तोंडं फुगली होती. रोजचं काम साध्या युजरच्या नावानं करायचं, ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडं आणि थोरल्या मालकांच्या तिजोरीत पाकिटात. आता काही इन्स्टॉल करायचं तर मला विचारावं लागतं आणि विचारताना माणूस स्वतःच म्हणतो, जाऊ दे नको. दुसरं म्हणजे अँटीव्हायरसच्या सेटिंगला पासवर्ड घातला. जवळजवळ सगळ्या विकतच्या अँटीव्हायरसमध्ये ही सोय असते, आणि विंडोजच्या डिफेंडरला टॅम्पर प्रोटेक्शन म्हणून एक बटण असतं, ते चालू ठेवलं की बाहेरचं सॉफ्टवेअर त्याला गुपचूप बंद करू शकत नाही. आम्ही आधी पाच मशीनला पाच वेगळे डबे आणले होते, कुणाची मुदत जूनला, कुणाची दिवाळीला. मुदत संपली तरी आयकॉन खाली दिसत राहतो आणि आपण समजतो हा राखण करतोय, नवी अपडेट येणं कधीच बंद झालेलं असतं. आता ऑफिससाठीची आवृत्ती घेतली, सगळी मशीन एका पानावर दिसतात, कुठलं बंद, कुठलं जुनं, सगळं लाल रंगात. घरगुती डब्यात आणि ह्याच्यात खरा फरक हाच आहे, व्हायरस पकडण्यात फार नसेल. आणि एका मशीनवर दोन अँटीव्हायरस टाकू नका, आमच्या शेजारच्या पेढीत टाकलेत ‘डबल सेफ्टी’ म्हणून, ते दोघं एकमेकांनाच धरून बसतात आणि मशीन गोगलगाय होतं.

(जाता जाता, क्विक हीलवाले काटकर आपल्याच भागातले, साताऱ्याकडचे, रहिमतपूरचे, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता अँटीव्हायरस कंपनी काढली. मिरजेहून पुण्याला रेल्वेनं जाताना रहिमतपूर स्टेशन लागलं की मी पोरांना सांगते. ही जाहिरात नाही, आमच्याकडं कुणाचा आहे ते मी सांगणारच नाही.)

तिसरं, ती यादी. अँटीव्हायरसमध्ये एक्सक्लूजन म्हणून यादी असते, म्हणजे ह्या फोल्डरकडं बघू नको. सॉफ्टवेअरवाले आपलं फोल्डर त्यात घालायला सांगतात, स्पीडसाठी. कधी कधी खरंच लागतं पण. आमच्या यादीत मी बघितलं तर अख्खा डी ड्राइव्ह होता आणि डाउनलोड फोल्डर सुद्धा, म्हणजे राखणदाराला सांगायचं की मागचं दार आणि खिडकी सोडून बाकी सगळीकडं लक्ष ठेव. सॉफ्टवेअरवाला म्हणाला ताई आमचं सॉफ्टवेअर ओरिजिनल आहे, त्यातनं काही येणार नाही. मी त्याला २०१७ च्या जूनचं उदाहरण दिलं. युक्रेनमध्ये हिशोबाचं एक ओरिजिनल सॉफ्टवेअर होतं, त्याच्याच अपडेटमधनं नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला, तिथनं मेर्स्क ह्या जहाज कंपनीपर्यंत गेला आणि न्हावा शेव्याला, जेएनपीटीमधल्या त्यांच्या ग्रुपच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. सांगलीचा बेदाणा बाहेरदेशी जातो तो ह्याच बंदरातनं. कुठं युक्रेनचा दिवाणजी अपडेट मारतो आणि कुठं उरणला कंटेनर अडकतो. तो पोरगा गप्प बसला. आता यादीत त्यांची नेमकी दोन फोल्डर आहेत, ड्राइव्ह नाही.

फायरवॉल सगळीकडं परत चालू केली आणि जे अडलं ते एकेक करून सोडवलं. झेरॉक्ससाठी अख्खी फायरवॉल काढायची गरजच नव्हती हे तेव्हा कळलं. नियम करता येतो, नियमात स्कोप म्हणून भाग असतो, तिथं त्या मशीनचाच आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकायचा, म्हणजे दार उघडं पण फक्त त्या एकासाठी. दहा मिनिटांचं काम. अर्थात आमचं मशीन जुनी भाषाच बोलणारं होतं म्हणून शेवटी स्कॅन ईमेलवर घ्यायला लागलो आणि ती एसएमबी वनची टिक काढून टाकली, कागद अर्धा मिनिट उशिरा येतो, कुणी मेलं नाही. वायफायचं पण तेच, शेतकरी, ड्रायव्हर, ब्रोकर, जो येईल त्याला आम्ही पासवर्ड द्यायचो, द्यावा पण लागतो, माणूस तासभर सौद्याला थांबलेला असतो. राउटरमध्ये गेस्ट वायफाय असतं, ते वेगळं करून दिलं. घरनं काम करता यावं म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरनं ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायचं दार, उघडून ठेवलेला सापडला, कुणी उघडला, कधी, कुणाला आठवेना. बंद केला. कुणाची तक्रार आली नाही, म्हणजे आमच्यातलं तरी ते दार कुणी वापरत नव्हतं.

बॅकअपच्या दोन हार्डडिस्क, आलटून पालटून, काम झालं की काढायच्या, एक मालकांच्या घरी वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर का ते सांगलीकराला सांगायला नको. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. पावसाळ्यात आपण रात्री अकराला पण पुलाची पातळी बघतो, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, लहान पोराला पण पाठ. आणि रोज ज्याच्यासमोर आठ तास बसतो त्या स्क्रीनच्या कोपऱ्यातलं ढालीचं चित्र लाल आहे का हिरवं ते मी पण कधी बघितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक मशीनवर आयकार नावाची फाइल टाकून बघते. ती खरा व्हायरस नाही, नुसती ६८ अक्षरांची ओळ आहे, अँटीव्हायरस जागा आहे का तपासायला मुद्दाम केलेली, जागा असेल तर तो लगेच धरतो. मध्ये एकदा गोडाऊनच्या मशीनवर धरली नाही. चौकशी केली तर प्रिंटरवाला येऊन गेला होता.

म्हणून वही केली. साधी शंभरपानी. तारीख, कोण आला, काय बंद केलं, का, आणि परत चालू केलं का, पाच रकाने, खाली त्याची सही. पहिल्यांदा सगळे हसले. सॉफ्टवेअरवाला म्हणाला ताई आमच्यावर विश्वास नाही का. मी म्हटलं विश्वास आहे की, हमालावर पण विश्वास आहे म्हणून पोती मोजायची सोडतो का आपण. पण गंमत म्हणजे, सही करायची म्हटल्यावर आता निम्मे लोक बंदच करत नाहीत, दुसरा मार्ग शोधतात, आणि तो सापडतो.

अँटीव्हायरसच गोंधळ घालतो असं पण म्हणणारे भेटतात, आणि जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक पुढं करतात, ह्या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहिले. खरंय ते. पण ती मशीन दुरुस्त करून परत चालू करता आली, आमच्या लॉक झालेल्या फाइली आजतागायत तशाच एका हार्डडिस्कवर पडून आहेत, कधीतरी चावी निघेल म्हणून.

अजून एक प्रश्न यार्डात ऐरणीवर आहे. विंडोज टेनची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, निम्म्या पेढ्यांत तेच आहे आणि बरीच मशीन इलेव्हनला चालत नाहीत. वाढीव मुदतीचे अपडेट घेता येतात, पण ते आपलं आपण चालू होत नाही, नाव नोंदवावं लागतं, हे किती दुकानदारांनी आपल्या गिऱ्हाइकाला सांगितलं? वर अँटीव्हायरस टाकून देतो म्हणजे झालं, असं सांगणारे मात्र पुष्कळ. खालची भिंतच ओली आणि वरनं रंग, तसं आहे ते.

तुम्हाला माझी विनंती अशी. फसवणुकीच्या बातमीखाली तुम्ही १९३० नंबर छापता तसं ह्याच्यावर पण एक चौकट छापा. सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा, हे आमच्या यार्डात कुणालाच माहिती नाही (आमच्या भानगडीनंतर महिन्याभरानं आला, नाहीतर आम्ही पण चुकलोच असतो). केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, मशीन साफ करायची टूल फुकट देतं. नो मोअर रॅन्सम नावाच्या वेबसाइटवर लॉक झालेल्या फाइलींच्या फुकट चाव्या असतात. आणि व्यापारी संघटनांनी, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांच्या संघटनेनं एवढं करावं की जॉब शीटवर एक रकाना वाढवावा, ‘काय बंद केलं’. छपाईला जास्तीचा एक रुपया लागत नाही.

आमच्या धाकट्या मालकांनी ते पीडीएफचं सॉफ्टवेअर नंतर विकत घेतलं. त्याचं बिल पण मीच फाइलला लावलं, स्टेशनरी खर्चात.

माझं नाव छापू नका, थोरले मालक तुमचा पेपर निधन वार्तांपासून टेंडर नोटिशीपर्यंत वाचतात.

आपली,
एक दिवाणजी,
मार्केट यार्ड, सांगली